छत्रीचा फेटा

उद्यमनगरात कुठलाही सुटा भाग दाखवा,
जर्मन पंपाचा, जपानी लेथचा,
दोन दिवसांत साच्यातून दुसरा निघतो,
थोडा जाड, थोडा आपला.
दस्तगीर मणेर तिथलाच. लाकडी पॅटर्न कोरायचा.
रात्री मंगळवार पेठेत, पत्र्याच्या खोलीत
चार टीव्ही. रुपयाला दहा मिनिटं.

पहिला ‘पैलवान’ त्यानं स्वतः रचला होता:
डावीकडून उजवीकडे पळायचं,
येईल त्याला चितपट करायचं.
पोरं महिन्यात तो संपवून मोकळी झाली.
“मामा, दुसरा कधी?”
दिवाळी तीन आठवड्यांवर. दुसरा कुठनं आणणार?

तेव्हा मुंबईच्या खोक्यातून ती कॅसेट आली, बिनलेबलाची.
आत बर्फ.
बर्फातून चाललेली एक बाई, छत्री घेऊन.
ती कुणाला मारत नव्हती.
वाकायची, बर्फातून मुळा उपटायची
आणि आडवा येईल त्याच्या हातात ठेवायची.
तो बाजूला व्हायचा.
पडद्यावरचं जपानी अख्ख्या पेठेत कुणाला लागेना.

मणेरनं चिप काढली, पुसली, पुन्हा भरली.
बाईच्या जागी पैलवान.
बर्फाला तांबडा रंग दिला, आखाडा झाला.
मुळ्याचा नारळ.
छत्री मात्र निघेना.
तेवढे आठ ठिपके खोडले की पडदा काळा.
अकरा रात्री गेल्या.
शेवटी त्यानं छत्रीवरच फेटा रंगवला.

“फेटा जिंकल्यावर बांधत्यात, मामा,”
चौगुल्यांचा पोपट म्हणाला.
“ह्यो आधीच जिंकलाय. तू रुपाया टाक.”

पण उडी मारली की पैलवान लवकर खाली येईना.
एवढा गडी, नव्वद किलोचा,
शेंगेच्या टरफलासारखा तरंगत उतरायचा.
फेटा आतून अजून छत्रीच होता.
आणि ठोशाचं बटण दाबलं की
वाकायचा, मातीला हात लावायचा, नारळ पुढं करायचा.
पहिल्या दिवशी पोरांनी शिव्या घातल्या.
चौथ्या दिवशी रांग पानपट्टीच्याही पुढं गेली.

तिसऱ्या भागात कुस्ती परत आली,
पण तरंगणं काढायची मणेरची छाती झाली नाही.
पाचव्यात नव्या पोरांनी ते वाकणं उडवलं.
गिऱ्हाईक म्हणालं, ह्यो आपला पैलवान न्हवं.
आपला!
सहाव्यात मुकाट्यानं परत घेतलं.

आता सातवा. राजारामपुरी, दातांच्या दवाखान्यावरचा मजला.
फेटा किती सावकाश उतरवायचा
एवढ्यावर माझा पगार चालू आहे, दोन महिने झाले.
परवा नव्या मुलानं विचारलं,
ताई, पैलवान तरंगतो का?
म्हटलं, पहिल्यापासून तरंगतो.
खोटं. दुसऱ्यापासून.

मणेर गेल्यावर त्यांच्या मुलानं
ती मूळ चिप मला दिली, काडेपेटीत कापसात ठेवलेली.
त्यांनी पुसायच्या आधी एक नक्कल ठेवली होती.
रविवारी लावली. बर्फ. ती.
सवयीनं बटण दाबलं आणि ती वाकली
अगदी आमच्यासारखी,
आणि मला उगाच लाज वाटली,
जसं एखाद्याच्या घरी जावं
आणि आपल्याच घरातली भांडी तिथं दिसावीत.

रात्री दोनला शेवटचा पडदा आला.
हा मणेरनं जागा पुरेना म्हणून टाकून दिला असणार,
आमच्या एकाही भागात नाही.
बाई एका दारापाशी थांबते.
आत दिवा आहे.
ती छत्री मिटते,
दोनदा झटकते, भिंतीला टेकवते.

सहा भाग झाले, तीस वर्षं होत आली,
आमच्या गड्याचा फेटा एकदाही सुटलेला नाही.
त्याला घरी जाऊच दिलं नाही आम्ही.

वहीच्या मागच्या पानावर काढून बघतेय,
फेटा हातात घेतलेला पैलवान.
केस कसे असतील त्याचे?
कुणी काढलेलेच नाहीत आजवर.